हजारांतून एक : उसाच्या रोपांची निवड

उसाच्या रसाचा पेला हातीं घेतांना, हा ऊंस कोणीतरी पारखून निवडलेला आहे, असा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आज त्या पारखीविषयीं थोडें सांगावयाचें आहे.

शेतकरी ऊंस लावतो तो कांडीपासून. त्यामुळें नवें पीक मूळ उसाची जणूं प्रतिमाच असतें. नवी जात हवी तर तुऱ्यांतील बारीक बीं पेरावें लागतें. हें बीं उगवतें, ही गोष्ट १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस येथें सिद्ध झाली. आपल्याकडे १९१२ सालीं कोइमतूर येथें या कार्यासाठीं केंद्र निघालें.

मौज अशी कीं, एकाच तुऱ्यांतील दोन रोपें सारखीं नसतात. कोणी जाड पण पाणचट, कोणी गोड पण किरकोळ, बहुतेक टाकाऊच. रोपें पक्व झालीं कीं संशोधक प्रत्येक बेटापाशीं थांबतो. फुटवे मोजतो, कांड्यांची जाडी व पोकळी पाहतो, रसाचा थेंब लहानशा मापकावर ठेवून गोडीचा अंदाज घेतो.

येथेंच खरी कसोटी आहे. गोडी हा बराचसा कुळाचा गुण. पुढील लावणींतही तो बहुधा टिकतो. वजनाचें तसें नाहीं. कडेला मोकळी जागा मिळालेलें सामान्य रोप फोफावतें आणि दाटींतलें गुणी रोप खुरटतें. म्हणून जाणता संशोधक एका बेटाच्या भरघोसपणावर भाळत नाहीं. वाईट रोप राखलें तर वर्षें वायां जातात. चांगलें उपटलें, तर त्याच जोडीचें बीं पुन्हा कितीही पेरलें तरी नेमकें तेंच रोप परत मिळत नाहीं.

राखलेल्या रोपांच्या कांड्या आधीं लहान ओळींत, मग मोठ्या वाफ्यांत, पुढें निरनिराळ्या गांवीं, नांवाजलेल्या जातीशेजारीं लावतात. खोडवा कसा येतो, लाल कूज आणि काणी हे रोग पडतात कीं काय, हेंही पाहतात. महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालेल्या ‘को ८६०३२’ या जातीच्या नांवांतील ८६ हा आंकडा १९८६ सालाचा. दक्षिण भारतासाठीं तिचा अधिकृत प्रसार झाला तो २००० सालीं. मध्यंतरींचीं चौदा वर्षें या परीक्षेंत गेलीं.

तेव्हां नवी जात निर्माण करणें म्हणजे निम्में काम संकराचें आणि निम्में नकाराचें. नकार देतांना हात कांपला नाहीं, पण डोळाही चुकला नाहीं, तरच तो ऊंस आपल्या पेल्यापर्यंत पोंचतो.