कागद पास, गाडी नापास!

वाचकहो, दिवस मावळताना आपल्या वस्तीतून एक फेरफटका मारा. घरोघरी दारासमोर मोटारसायकल उभी दिसेल. त्यांपैकी शोरूममधून नवी कोरी किती आली आणि दुसऱ्या-तिसऱ्या हातून किती आली, हे आम्ही सांगायला नको. नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही आणि गाडीवाचून कामावर वेळेत पोहोचता येत नाही. मग पतसंस्थेचे कर्ज, बचत गटाची उचल, घरातली शिल्लक असे सगळे गोळा करून पंचवीस-तीस हजारांची जुनी गाडी दारात येते. तिच्यावर बाप कामावर जातो, मुलगी कॉलेजात जाते आणि आजी दवाखान्यात जाते. एवढा भार जिच्यावर टाकला, ती गाडी रस्त्यावर धावायला खरोखर लायक आहे काय? हे तपासतो कोण, आणि कधी?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. ठेच लागल्यावर सुचला.

आमचीच गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्हीही शंभर सीसीची एक जुनी गाडी घेतली. नवा रंग, नवी सीट, टाकीवर नवे स्टिकर. विकणारे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, गाडी टकाटक हाय. पीयूसी कालच काढली, इन्शुरन्स चालू हाय. आनखी काय पाह्यजे?" आम्ही पडलो कारकून. दिवसभर कचेरीत कागद तपासायचे, शिक्का आणि तारीख दिसली की समाधान मानायचे. तसेच इथेही मानले. मिस्त्रीला दाखवायचे शंभर-दोनशे रुपये वाचवले आणि गाडी घरी आणली.

पंधराव्या दिवशी पुलाच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला, तर पायाखालचा दांडा सरळ खाली गेला. मागे सहचारिणी बसलेल्या. पुढच्या ब्रेकने वेग थोडा कमी झाला, पण गाडी थांबेना. शेवटी रस्त्याकडेच्या बांधकामाच्या रेतीत घातली, म्हणून जिवावरचे हातावर निभावले. त्यांचे मनगट मोडले आणि दीड महिना प्लॅस्टर राहिले.

मिस्त्रीने ड्रम उघडून दाखवला. ब्रेकच्या शूवरचे लायनर संपून लोखंडाला लोखंड घासत होते. तो म्हणाला, "भाऊ, हा शू कवाचाच मेला होता." सहचारिणींनी हात गळ्यात बांधलेला असतानाच आम्हाला विचारले, "कागदाले ब्रेक असते का हो?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचा लेख हेच त्याचे उत्तर समजा.

कायदा काय तपासतो?

आपल्या देशात खासगी दुचाकीची दरवर्षी यांत्रिक तपासणी होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पंधरा वर्षे भरली की गाडी आरटीओत नेऊन निरीक्षकांना दाखवायची. पास झाली तर पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. पहिल्या पंधरा वर्षांत तिचे ब्रेक चालतात की नाही हे पाहायला सरकारी माणूस येत नाही.

भाड्याच्या वाहनांचे तसे नाही. आपले रिक्षाचालक बांधव जाणतात की गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी 'पासिंग' करावेच लागते. पण तिथेही एक रोग आहे. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर कोणाकडून मागून आणायचे, शिक्का मिळाला की काढून परत करायचे. त्या दिवशी गाडी पास होते. दुसऱ्या दिवशी ती पूर्वीइतकीच नापास असते.

ब्रिटनमध्ये १९६० पासून गाड्यांची अशी तपासणी चालू आहे. तिला एमओटी म्हणतात. मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती करावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चेन असे सगळे पाहतात. तिथला अनुभव ध्यानात घेण्यासारखा आहे. मोटारींपेक्षा मोटारसायकली पहिल्याच फेरीत अधिक प्रमाणात पास होतात, आणि ज्या नापास होतात त्यांच्या कारणांत दिवे आणि सिग्नल आघाडीवर असतात. म्हणजे इंजिन बसल्यामुळे नव्हे, तर बल्ब गेल्यामुळे किंवा वायर तुटल्यामुळे गाडी घरी परत येते. शिवाय तिथे कोणत्याही गाडीचा नंबर टाकला की मागील तपासण्यांचे निकाल, दोष आणि त्या वेळचे किलोमीटर पाहायला मिळतात. जुनी गाडी घेणाऱ्याची फसवणूक त्यामुळे कठीण होते. आपल्याला ही सोय नाही. म्हणून आपली दक्षता आपणच घ्यायची.

पीयूसी म्हणजे पासिंग नव्हे

पुष्कळांचा समज असा की पीयूसी निघाली म्हणजे गाडी पास झाली. हा समज काढून टाका. पीयूसी फक्त धूर तपासते. गाडी नोंदल्याला एक वर्ष झाले की ती लागते. जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी आणि बीएस-४ व बीएस-६ गाड्यांना वर्षाने ती नवी करायची असते. सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा आहे अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम. बीएस-६ गाड्यांना ती याहून कडक आहे. यात ब्रेक नाही, टायर नाही, दिवा नाही.

तरीही तो कागद घडी करून डिकीत टाकू नका, आधी वाचा. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेला टेकला असेल तर एअर फिल्टर चोंदला आहे किंवा पेट्रोल जास्त जाते आहे. हायड्रोकार्बन जास्त असेल तर प्लग नीट पेटत नाही किंवा इंजिन ऑइल जाळते आहे. निळा धूर दिसला तर ऑइल जळते हे नक्की समजा. नळी न घालताच कोणी कागद देऊ लागला तर घेऊ नका. ती आपलीच फसवणूक आहे. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही विसरू नका.

पंधरा वर्षांची परीक्षा

आता मुख्य प्रश्न. जुनी गाडी या परीक्षेत पास होते काय? आमच्या पाहण्यातला अनुभव असा की नीट ठेवलेली साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी पंधरा वर्षांनीही बिनघोर पास होते. गाडीचे वय तिला नापास करत नाही. आपली हयगय करते. ब्रेक लागत नाही, दिवा पेटत नाही, हॉर्न वाजत नाही, टायर गुळगुळीत झाला आहे, आवाज करणारा सायलेन्सर बसवला आहे, नंबर प्लेटवर नक्षी काढली आहे, अशी ती कारणे असतात. सर्वांत अवघड कारण म्हणजे चेसिस नंबर. गंजलेला, खोडलेला किंवा आरसीशी न जुळणारा नंबर असेल तर कोणत्याही मिस्त्रीला तो दोष दुरुस्त करता येत नाही.

म्हणून गाडी घेण्याआधी आरसीवरची नोंदणीची मुदत पाहा. चौदा वर्षांची गाडी 'स्वस्तात' मिळाली तर वर्षभरात तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि महाराष्ट्रात १५ वर्षांपुढील गाडीला लागणारा पर्यावरण कर, हे सगळे आपल्याच गळ्यात येणार. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. हा खर्च किमतीतून वजा करून मगच सौदा करा. अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांत करता येतो. उशीर केला तर महिन्याच्या हिशेबाने जादा रक्कम भरावी लागते.

घरची तपासणी

हातावर प्लॅस्टर असताना सहचारिणींनीच आमच्या घरात एक नियम घातला. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडीची तपासणी. मृगाच्या आधी आपण छपरावरची कवेलू फेरतो, तसेच हे. मुलगी वहीत लिहिते आणि आम्ही तपासतो. पद्धत अशी.

गाडी मेन स्टँडवर लावा. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेले आहेत. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट खराब आहे. शॉकअपच्या नळ्यांवर ऑइल ओघळलेले असेल तर सील गेले.

ब्रेक दाबून ठेवून गाडी ढकलून पाहा. चाक फिरता कामा नये. पुष्कळ गाड्यांना ड्रमच्या बाहेर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेच्या पुढे गेला तर शू संपले. शंका असेल तर ड्रम उघडून डोळ्यांनी पाहा, मिस्त्रीच्या तोंडी खात्रीवर राहू नका.

टायरच्या खाचा दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर तरी असाव्यात असा नियम आहे. पण पावसाळ्यात तेवढ्यावर विसंबू नका. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा चांगल्या असूनही जुन्या टायरच्या बाजूला चिरा पडतात, त्या शोधा. चेन मध्यभागी साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेन आणि स्प्रॉकेट सोबतच बदला.

मग दिवे. हेडलाइट वर-खाली, चारही इंडिकेटर, हॉर्न. मागचा लाल दिवा पायाच्या आणि हाताच्या, दोन्ही ब्रेकने पेटतो का ते घरातल्या लहान मुलाला मागे उभे करून विचारा. आमच्याकडे हे काम धाकट्याचे आहे, आणि "पेटला!" असे तो एवढ्या जोराने ओरडतो की शेजारीही आपली गाडी बाहेर काढतात.

शू, केबल, बल्ब आणि मिस्त्रीची मजुरी धरून हा खर्च बहुधा एक-दोन दिवसांच्या रोजीएवढा होतो. मोडलेल्या मनगटाला त्याच्या किती पट लागले, ते आम्ही विसरलेलो नाही.

नावावर करा, आणि लगेच करा

शेवटी कागदांचेही महत्त्व आहेच. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आधी मागा. "नंतर करू, घरचेच आहेत" असे म्हणत वर्षे काढू नका. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले की सरकारी नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी नाव न बदलता हातोहात विकली गेली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मात्र नोंदीतल्या मूळ मालकावर आली. आपण विकलेल्या गाडीने उद्या कोणाला उडवले तर भरपाईची नोटीस आपल्या दारात येईल. यातून कर्त्या माणसाचे घर उठायला वेळ लागत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. सगळेच ब्रेकच्या दोषाने गेले असे आम्ही म्हणत नाही. वेग आहे, खड्डे आहेत, दारू आहे, डोक्यावर नसलेले हेल्मेट आहे. पण रस्त्यातला खड्डा आपल्या हातात नाही, आपल्या गाडीचा ब्रेक आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या मृगाच्या आधीचा एक रविवार ठरवा. वही काढा, पोरांना बोलवा आणि गाडी स्टँडवर लावा. आमच्या घरातली ती वही आता सातव्या वर्षाला आहे. पहिल्या पानावर सहचारिणींनी दुखऱ्या हाताने लिहिलेली ओळ वाकडीतिकडी उमटली आहे: "आधी ब्रेक पाहा, मग कागद."