छ १ रमजान

शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी टेबललँडवर चढायची आम्हा पाचगणीकरांपैकी काहींची सवय आहे. चंद्र दिसला तर सलाम-दुआ, नाही दिसला तर वारा खाऊन परत. पश्चिमेकडे डोळे लावून थकलं की माणूस वळतो आणि खाली बघतो. तिथे कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी आणि पुढे वाईकडची गावं. त्या गावांत एक मेणवली. नाना फडणविसांचा वाडा तिथे आहे.

या वाड्यातल्या कागदांचा आणि आपल्या चंद्राचा जवळचा संबंध. मराठेशाहीतलं जुनं पत्र उघडा, तारखेच्या जागी बऱ्याचदा ‘छ’ हे अक्षर दिसेल, पुढे आकडा आणि मग महिना. छ म्हणजे चंद्र. महिने मोहरम, सफर, रबिलावल, साबान, रमजान, सवाल असे. लिहिणारा ब्राह्मण कारकून, वाचणारा मराठा सरदार, आणि वर कोपऱ्यात ‘छ १ रमजान’. वर्षही अरबी आकड्यांत. त्यातला ‘अशर’ म्हणजे दहा. रमजानचे तीन अशरे आपण मोजतो ते त्याच शब्दावरून. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले, तेव्हा दप्तरात चालू वर्ष होतं ‘मयातैन व अलफ’, म्हणजे दोनशे आणि हजार, १२००. मी हिशेब करून पाहिला, त्या वर्षीची रमजान ईद होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता.

नानांचं हे मेणवली दप्तर आज वाचता येतं ते एका माणसामुळे. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस. आधी आडनाव बघा. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस, तसा फारसी लिहिणारा तो फारसनवीस, म्हणजेच पारसनीस. आपल्या शेजारपाजारच्या आडनावांत फारसी किती मुरली आहे, हे आपण विसरून गेलो आहोत.

पारसनीसांचा जन्म १८७० चा. कॉलेजचं शिक्षण नाही, पदवी नाही. १८९४ मध्ये, चोविशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं चरित्र छापलं. १८५७ चं बंड ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, असे लोक तेव्हा हयात होते. पुढे ‘इतिहाससंग्रह’ मासिक काढलं. दिल्लीच्या बादशाही दरबारातून मराठ्यांच्या वकिलांनी पाठवलेली पत्रं प्रसिद्ध केली. किंकेड साहेबाबरोबर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. आपल्या भागासाठी सांगायचं तर १९१६ मध्ये त्यांचं ‘महाबळेश्वर’ हे इंग्रजी पुस्तकही आलं.

पण ही यादी बाजूला ठेवली तरी चालेल. त्यांचं खरं काम जमवण्याचं आणि जपण्याचं. दप्तरं, हस्तलिखितं, दुर्मीळ पुस्तकं आणि त्यांच्या जोडीला जुनी चित्रं, पेशव्यांच्या आणि सरदारांच्या तसबिरी. कागद एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, अशी वाटणी त्यांनी केली नाही. मुस्लिम दरबारांतली जुनी रीतही हीच. किताबखान्यात कातिब, चित्रकार, जिल्दसाज शेजारी शेजारी बसत. सोळाव्या शतकात इराणच्या सफवी दरबारात शाही किताबखान्याचा प्रमुख होता चित्रकार बिहजाद. साताऱ्यात पारसनीसांनी तसाच किताबखाना मांडला, फक्त पदरी बादशहा नव्हता. ग्रंथपाल साठीला निवृत्त होतो, निरोपाचा नारळ घेऊन घरी जातो. अशा माणसाला ती सोय नसते.

त्यांच्याच काळात इतिहासाचार्य राजवाडे होते. १८९८ च्या त्यांच्या पहिल्या खंडातली पत्रंही आपल्या वाईतच सापडलेली. राजवाडे फटकळ, सरकारपासून चार हात दूर. पारसनीस रावबहादूर झाले, साहेबांशी त्यांचे संबंध गोडीचे. लोकांना राजवाड्यांचा बाणा आवडतो, मलाही आवडतो. तरी मला वाटतं, वाळवीला बाणा कळत नाही. कागदाला छप्पर लागतं, कपाट लागतं, आणि पारसनीसांनी गोड बोलून ते मिळवलं. अखेरच्या वर्षांत साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं राहिलं.

३१ मार्च १९२६ रोजी ते गेले. येत्या ३१ तारखेला शंभर वर्षं पूर्ण होतील. ही तारीख मी हिजरी सनात मांडून पाहिली आणि थांबलो. १३४४ चा रमजान, दुसरा अशरा चालू. ज्या माणसानं ‘छ रमजान’ लिहिलेले कागद आयुष्यभर सांभाळले, तो रमजानच्या मध्यावर गेला. १९३९ मध्ये त्यांचा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथे आजही अभ्यासक तो वाचतात.

हदीसमध्ये सांगितलं आहे की माणूस गेल्यावर त्याचे अमल थांबतात, तीन गोष्टी मात्र चालू राहतात: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारं इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. कुणाचं काय कबूल होतं, ते अल्लाह जाणे. पण उपयोगी पडणारं इल्म म्हटलं की मला ती दप्तरं आठवतात.

आणि लगेच आमच्या माळ्यावरची पेटी आठवते. दोन वर्षांपूर्वी शाबानमध्ये घराची साफसफाई काढली. पेटीत दादाजानच्या वेळचे कागद होते, काही उर्दू, काही मोडी. मोडी म्हणजे मुंग्या चालल्यासारख्या रेघा, कुणाला वाचता येईना. उर्दूचंही घरातल्या मुलांना तेच. दोन गठ्ठे रद्दीत गेले, माझ्या हातानं गेले. किलोमागे काय भाव मिळाला, तेही लक्षात नाही. वाई-सातारा पट्ट्यात काझी, मुल्ला, मुजावर, इनामदार अशी किती घरं आहेत! मशिदीच्या दिवाबत्तीची सनद, दर्ग्याच्या इनामाचा कागद, उरुसाचा हिशेब अशाच पेट्यांत पडून असतो. जमिनीचा वाद निघाला की कागद शोधायचा, एरवी उंदरांच्या हवाली. अमानत आपण पैशापुरती समजतो.

आमच्या पेटीत खाली चिकटून एक कागद राहिला होता. यंदा पहिल्या रोज्याला तो सोडवून घेतला आणि वाईच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना मोबाइलवर फोटो पाठवला. घडीवर शाई उडाली आहे, आकडा लागत नाही, असं ते म्हणाले. पण छ स्पष्ट आहे आणि महिना रमजान आहे. मजकूर वाचायला मूळ कागद समोर हवा. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तो कुराणशरीफच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवला आहे. ईद झाली की वाईला उतरायचं आहे.