चौदा रात्रींचा ‘फोर्टनाइट’ आणि मराठी पंधरवडा

‘फोर्टनाइट’ हा इंग्रजी शब्द अमेरिकेत क्वचितच कानी पडतो. तेथे ‘टू वीक्स’ म्हटले की काम भागते. ब्रिटनमध्ये तो बोलण्यात टिकून आहे. भारतात तर कायदे, परिपत्रके आणि बँकांची विवरणपत्रे यांत त्याचे स्थान पक्के आहे. मराठीत त्याचा अनुवाद सरसकट ‘पंधरवडा’ असा केला जातो. दोन्ही शब्दांच्या मोजणीत मात्र एका दिवसाचे अंतर आहे.

जुन्या इंग्रजीतील ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या शब्दजोडीचा ‘फोर्टनाइट’ हा संक्षेप होय. जर्मानिक जमाती काळ दिवसांनी नव्हे, तर रात्रींनी मोजतात, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमाराच्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात केली आहे. सात रात्रींचा ‘सेनाइट’ हा शब्दही याच रीतीतला. जेन ऑस्टेन यांच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत तो आढळतो. पुढे ‘वीक’समोर त्याचा निभाव लागला नाही. ‘फोर्टनाइट’ला मात्र तसा सुटसुटीत पर्याय नाही. ‘बायवीकली’ म्हणावे, तर आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हा घोळ उरतोच.

मराठी ‘पंधरवडा’ पंधरा तिथींच्या पक्षाशी निगडित आहे. तिथीची लांबी कमीअधिक होत असल्याने पक्ष कधी पंधरा, कधी चौदा, तर क्वचित तेरा दिवसांचाही भरतो. ‘आठवडा’ही आठाचाच, रविवार ते रविवार अशी दोन्ही टोके धरली की साताचे आठ होतात. फ्रेंच भाषकही दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’च म्हणतात.

त्यामुळे नोटिशीत किंवा करारात नुसते ‘पंधरवड्यात’ असे न लिहिता दिवसांचा आकडा देणेच इष्ट.

भारतीय कायद्याने अलीकडे या शब्दाचा अर्थच बदलला. बँकांनी राखावयाच्या रोख निधीसंबंधी रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ४२ मध्ये ‘फोर्टनाइट’ म्हणजे शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंतचा, नेमका १४ दिवसांचा काळ होता. बँकिंग कायदे (सुधारणा) अधिनियम, २०२५ ने त्याऐवजी महिन्याची १ ते १५ तारीख आणि १६ ते अखेरची तारीख असे दोन भाग ठरविले. या व्याख्येनुसार मार्चचा उत्तरार्ध १६ दिवसांचा आणि लीप वर्ष नसेल तर फेब्रुवारीचा १३ दिवसांचा, दोन्ही ‘फोर्टनाइट’च.