बोटीनं कामावर जाणारं शहर

इस्तंबूलमध्ये घर आशियात आणि कचेरी युरोपात असण्याचं कुणाला कौतुक नाही. शहराच्या मधोमध बॉस्फरसची सामुद्रधुनी आहे. लांबी सुमारे 30 किलोमीटर आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी जेमतेम 700 मीटर. तिच्यावरचा पहिला पूल झाला तो 1973 साली. तोवर पलीकडे जायचं तर बोटीला पर्याय नव्हता. आता तीन पूल आहेत, समुद्राखालून रेल्वे जाते, मोटारींसाठी वेगळा बोगदा आहे. तरीही बोटी भरभरून चालतात. पाहुण्याला या शहरात नीट फिरायचं असेल, तर त्या अजून का चालतात हे आधी समजून घ्यावं लागतं.

पण सुरुवात कार्डापासून. ‘इस्तंबूलकार्ट’ खिशात नसेल तर या शहरात पावलोपावली अडायला होतं, कारण बसचा ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही. स्थानकांवरच्या यंत्रांतून ते मिळतं आणि तिथंच त्यात पैसे भरता येतात. मेट्रो, ट्रॅम, बस, बोट, टेकडी चढणारी दोरीची गाडी, सगळीकडे तेच चालतं. एका कार्डावर दोघं-तिघंही जाऊ शकतात. प्रत्येकासाठी एकदा टेकवायचं, इतकंच. ठरावीक वेळेत वाहन बदललं तर पुढच्या टप्प्याचं भाडं कमी पडतं. मात्र एकच कार्ड अनेकांनी वापरलं, तर ही सवलत पहिल्याच माणसाला मिळते. म्हणून चार दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर घरटी एक कार्ड घेण्यापेक्षा माणशी एक घ्यावं. भाड्याचे आकडे इथं देण्यात अर्थ नाही. तिथल्या महागाईमुळे ते सतत बदलत असतात.

वाहन बदलण्याचा कंटाळा असणाऱ्यानं इस्तंबूलला टॅक्सीच करावी आणि पुलावरच्या कोंडीत बसून राहावं. इथं एकाच वाहनानं मुक्कामी पोचणं विरळाच, कारण मध्ये एक तर पाणी येतं, नाही तर चढ. काराकॉयच्या धक्क्यावरून बेयोलूच्या टेकडीवर जाणारी ‘त्युनेल’ या चढामुळेच जन्माला आली. एका फ्रेंच इंजिनिअरनं दीडएक मिनिटात टेकडी चढणारी ही भुयारी गाडी उभारली आणि ती 1875 साली सुरू झाली. लंडनची 1863 ची भुयारी रेल्वे सोडली तर शहरातली इतकी जुनी भुयारी गाडी दुसरी नाही. सुरुवातीला तिच्यात माल आणि जनावरांसाठी वेगळा डबा असे. अंतर सहाशे मीटरही नाही. पण तो चढ पायी चढून पाहिला की या गाडीचा हेतू कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता बोट. तिथं तिला ‘वापूर’ म्हणतात. बॉस्फरसवर नियमित फेऱ्या मारणारी कंपनी उस्मानी काळात, 1851 साली निघाली; आज हे काम प्रामुख्यानं ‘शेहिर हातलारी’ ही महापालिकेची कंपनी करते. पर्यटक एमिनॉन्यूच्या धक्क्यावर उतरला की सहलीच्या बोटींचे दलाल त्याला गाठतात. त्यांना हात जोडावेत आणि शेजारच्या फाटकातून पलीकडच्या, आशियातल्या कादीकॉयची साधी बोट पकडावी. वीसएक मिनिटांच्या त्या प्रवासात मागे तोपकापी राजवाडा, आयासोफिया आणि सुलेमानिये मशिदीचे घुमट एका रांगेत दिसतात. पुढे हैदरपाशा हे जर्मन वास्तुकारांनी बांधलेलं, थेट पाण्याला टेकलेलं रेल्वे स्थानक येतं. हे सगळं रोजच्या चाकरमान्याच्या भाड्यात. बाहेरच्या बाकावर बसायचं, कमरेत निमुळत्या काचेच्या पेल्यातून काळा चहा घ्यायचा. तीळ लावलेला ‘सिमित’ धक्क्यावरच विकत घेतलेला असला तर उत्तम. त्याच्या तुकड्यांवर डोळा ठेवून सीगल पक्षी बोटीबरोबर उडत येतात.

याच पाण्याखालून ‘मार्माराय’ रेल्वे जाते. तुर्की प्रजासत्ताकाला 90 वर्षं झाली त्या दिवशी, 29 ऑक्टोबर 2013 ला, ती सुरू झाली. समुद्रतळावर नळ्यांचे तुकडे बसवून तयार केलेला तिचा बोगदा काही ठिकाणी पाण्याच्या पृष्ठभागापासून साठेक मीटर खोल आहे. काम मात्र कित्येक वर्षं लांबलं. येनिकापीला खोदताना थिओडोसियसचं बायझंटाईन काळातलं बंदर लागलं आणि त्यात तीसहून अधिक जुनी जहाजं! पुरातत्त्वज्ञांचं काम उरकेपर्यंत इंजिनिअरांना हात बांधून बसावं लागलं. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. आगगाडी थोडी थांबू शकते, दीड हजार वर्षं चिखलात टिकलेलं लाकूड पुन्हा मिळत नाही.

सिर्केजी ते उस्कुदार हे खंडांतर मार्मारायनं चार मिनिटांत होतं. पण सिर्केजीचा फलाट इतका खोल आहे की सरकत्या जिन्यांवर बराच वेळ जातो. धक्क्याजवळ काम असलेल्याला बोटच बरी पडते. बोटींनी तग धरला आहे तो निव्वळ हौसेमुळे नव्हे, त्यामागे हा व्यवहारही आहे. मार्मारायवर एक गोष्ट लक्षात ठेवायची: आत शिरताना पूर्ण लांबीचं भाडं कापलं जातं. जवळच उतरलात तर बाहेरच्या परतावा यंत्राला कार्ड टेकवून उरलेले पैसे परत घ्यायचे. नवखे लोक ते यंत्र न पाहताच पुढे जातात.

हाच परताव्याचा नियम ‘मेट्रोबस’लाही आहे. 2007 साली सुरू झालेली ही बससेवा महामार्गाच्या मधल्या राखीव मार्गिकांवरून धावते आणि पुलावरून आशियात उतरते. लांबी पन्नासेक किलोमीटर, दिवसरात्र चालू. तुर्कस्तानात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, पण या बस आपल्या मार्गिकेत डाव्या बाजूनं धावतात. थांबे मधोमध आणि बसचे दरवाजे उजवीकडे, त्यामुळे बाजूच उलटवून टाकली. गर्दी मात्र भयंकर. सामान घेऊन संध्याकाळी तिच्या वाटेला जाऊ नये.

रात्री उशिरा बोटी विरळ होतात. काही मेट्रो मार्ग शनिवार-रविवारच्या सुट्टीत रात्रभर चालतात. एरवी युरोपातल्या तकसीमहून कादीकॉयला परतायला ‘दोलमुश’ असते. पिवळी छोटी गाडी, ठरलेला रस्ता आणि सगळ्या जागा भरल्याशिवाय न हलणं. आपल्याकडचं वडापच, फक्त टपावर कुणी बसत नाही. इथं कार्डापेक्षा रोख पैसे हाताशी हवेत. मागे बसलेला माणूस नोट पुढच्याच्या हाती देतो, ती हातोहात ड्रायव्हरपर्यंत जाते आणि सुट्टे त्याच वाटेनं मागे येतात. मधल्या जागेवर बसलात तर हे काम तुमच्याकडेही येईल. ठरावीक थांबे नसल्यामुळे उतरायची जागा जवळ आली की ‘इनेजेक वार’ म्हणायचं, म्हणजे उतरणारं माणूस आहे. जरा मोठ्यानं म्हणायचं, कारण ड्रायव्हरचा रेडिओ चालू असतो.