शारजात सातवा महिना

शारजाच्या रोला भागात आमची खोली आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, मधे जेमतेम दहा-बारा हात जागा. जूनमध्ये त्या फटीतून वारा येत नाही, एसीच्या यंत्रांची धग येते. २०२५ ची बकरीद इथे ६ जूनला झाली आणि जामखेडला ७ जूनला. म्हणजे दोन ईदी माझ्या वाट्याला आल्या, आणि दोन्ही एकटीने काढल्या. साहेब एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. ईदची नमाज पढून आले, दोन घास खाल्ले आणि निघाले. लोकांचे एसी ईद पाहून बंद पडत नाहीत.

मला सातवा लागला होता. २० जूनचे तिकीट काढून ठेवले होते. साधारणपणे २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६ नंतर बहुतेक बसूच देत नाहीत. म्हणून मधली तारीख धरली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. अम्मीने सातवाशासाठी हिरवा जोडा शिवून घेतला होता, नानीने बांगड्या.

बकरीदनंतरच्या आठवड्यात तपासणीला गेले तर रक्तदाब १५० वर १००. डॉक्टरीण बाई सुदानच्या. त्यांनी पुन्हा मोजला, मग विचारले, डोकं दुखतं का? मी म्हटले, आठ दिवसांपासून. आणि हातांवरची सूज? तीही. मग इतके दिवस सांगितले का नाही, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर होते, पण त्यांना सांगण्यासारखे नव्हते.

भगिनींनो, ते इथे सांगते. २०२३ मध्ये, नगरला सासरी असताना, माझा एक गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला. या वेळी दिवस राहिले तेव्हा मी मनाशी ठरवले की आता तोंडातून कुरकुर काढायची नाही. उलट्या झाल्या, अल्हम्दुलिल्लाह. कंबर दुखली, अल्हम्दुलिल्लाह. तक्रार केली तर ती नाशुक्री होईल आणि दिलेली नेमत पुन्हा काढून घेतली जाईल, अशी भीती आत बसली होती. मी त्याला शुक्र म्हणत होते. होती ती भीतीच.

त्या दिवशी प्रवासाला मनाई झाली. तिकीट गेले. अम्मीचा पासपोर्ट संपलेला, अब्बांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यामुळे तिचे येणेही शक्य नव्हते. रात्री मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

झोप येत नव्हती म्हणून सूरह लुकमान काढली. चौदाव्या आयतीत गर्भारपण आणि शुक्र एकाच ठिकाणी येतात, हे शंभरदा वाचूनही कधी लक्षात आले नव्हते. आधी आईच्या थकव्याचा उल्लेख आहे, एकावर एक येणाऱ्या थकव्याचा. दोन वर्षांच्या दूध पाजण्याचा आहे. त्यानंतर अल्लाहचे आणि आईवडिलांचे शुक्र करण्याचा हुकूम. कष्ट लपवून शुक्र करा, असे तिथे कुठेच नाही. हजरत मरियम (अलैहिस्सलाम) यांचेही तसेच. घरापासून दूर, एकट्या, खजुराच्या झाडाखाली कळा सोसताना त्यांच्या तोंडून यापेक्षा आधीच मरण आले असते तर बरे, असे निघाले. त्यावर त्यांना फटकारले गेले नाही. पायाखाली पाणी दिले, खजूर दिले, आणि खा, पी, असे सांगितले गेले. मी अर्थ लावणारी आलिमा नाही. पण त्या रात्री मला एवढे कळले की डोकेदुखी सांगणे म्हणजे नाशुक्री नव्हे.

म्हणून सांगून ठेवते: सतत ठणकणारे डोके, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, बरगडीखाली दुखणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, यातले काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सब्र दवाखान्यात जाऊन करावे.

नानीला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, ‘बेटा, मी गप बसले म्हणून माझे तीन गेले.’ तिला आठ झाली, पाच जगली. तिचे गाव जामखेडच्या कोरड्या पट्ट्यात. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून शिकवले. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण नानीला ते ठाऊक नाही. तिला आठवते ती तिच्या गावची सेविका. दलित वस्तीतली बाई. पहिल्यांदा आली तेव्हा दादी सासूने तिला उंबऱ्याबाहेरच उभे केले, हे नानी आजही मान खाली घालून सांगते. तीच बाई पुढे नानीच्या पायाची सूज बोटाने दाबून बघायची आणि खड्डा पडला की बैलगाडी जुंपायला लावायची. शेवटची दोन मुले तिच्यामुळे जगली, असे नानी मानते. पाच वेळच्या नमाजीत तिच्यासाठी दुआ करते.

माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही मानत नाही, अशा आशयाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नानीचे ऐकून मी किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर इशानंतर लिहू लागले. नेमतींची नावे नाही, माणसांची. त्या दिवशी माझ्यासाठी कोण राबले, एवढेच.

पेशावरचा वॉचमन, लिफ्ट बंद होती तेव्हा पाण्याची बाटली चौथ्या मजल्यावर आणून दिली. शेजारची मलप्पुरमची नर्स, रोज संध्याकाळी रक्तदाब मोजते. मला हुलग्याच्या शेंगोळ्यांचे डोहाळे लागले होते आणि अम्मी फोनवर ‘हुलगा उष्ण, हात लावू नको’ म्हणून बजावत होती. नर्सबाई हसल्या, त्यांच्याकडे त्याला मुथिरा म्हणतात, आणि वाटीभर शिजवून आणला. अम्मीला अजून सांगितलेले नाही. साहेब: इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम आहे, गच्चीवरचे यंत्र सोडून ते सावलीला येत आणि डबा उघडण्याआधी मला फोन करत. अम्मी: भारताचे घड्याळ दीड तास पुढे, म्हणून माझी फजर व्हायची तोवर तिचा चहा उकळलेला असायचा. फोन शेगडीशेजारी ठेवून ती तिथे, मी इथे. चहा मात्र मी जेवणाबरोबर बंद केला होता, लोहाच्या गोळ्या अंगी लागत नाहीत म्हणून.

काही पाने कोरी आहेत. २० जूनचे कोरेच आहे.

ऑगस्टच्या शेवटी मुलगी झाली, अडतीस आठवड्यांची, अडीच किलोला थोडी कमी. साहेबांनी अजान दिली. ओळखीचे एक जण येत होते, त्यांच्या हाती अम्मीने अछवानीचा मसाला आणि डिंकाचे लाडू पाठवले. हिरवा जोडाही. तो मला आता बसत नाही.

सध्या कागदपत्रे चालू आहेत. परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि इथला व्हिसा १२० दिवसांत. अर्जात भारतातला जिल्हा विचारला आहे. आमच्या दोघांच्या पासपोर्टवर अहमदनगर, आता नाव अहिल्यानगर. साहेब पेन धरून थांबले. मी मुलीला खांद्यावर घेऊन नानीला फोन लावला, तर तिला प्रश्नच कळेना. ‘जामखेड लिही की,’ म्हणाली.