कलासियाओचा एका घासाचा पुतो

फिलिपिन्सच्या पांगासिनान प्रांतातलं कलासियाओ गाव ओळखलं जातं ते पुतोमुळे. पुतो म्हणजे तांदळाचा वाफवलेला केक. इथला तर नाण्यापेक्षा थोडाच मोठा, पांढराशुभ्र, किलोवर विकला जाणारा. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पीठ मातीच्या रांजणात आंबवायचं आणि साखर घालून वाफवायचं. आंबवण कधी तयार झालं, हे घरातली जुनी माणसं वासावरून सांगतात. हा अंदाज पिढ्यानपिढ्या पुढे जातो.

गोव्याच्या सान्नांची आठवण येईलच, त्याही तांदळाच्या, आंबवून वाफवलेल्या!

गंमत जोडीची आहे. हा गोडसर पुतो डुकराच्या रक्तात शिजवलेल्या आंबट, झणझणीत दिनुगुआनसोबत खातात. ऐकायला विचित्र, पण जोडी चोख.

नाताळाआधी, १६ ते २४ डिसेंबरच्या पहाटेच्या प्रार्थनांनंतर चर्चबाहेर मिळतो तो निराळा, बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग. त्यावर लोणी, खोबरं आणि कच्ची साखर.