पोपट पाळताय? जरा थांबा!

पिंजरा बाजारात सहज मिळतो. त्यातल्या जिवाची जबाबदारी मात्र कित्येक वर्षे पुरते.

तंजावूरचा राजवाडा पाहून कुटुंब बाहेर पडते. दरबार महाल झाला, सरस्वती महाल ग्रंथालय झाले, पाय दुखू लागलेले असतात. तेवढ्यात डोक्यावरून पोपटांचा थवा ओरडत जातो आणि धाकटा हात ओढू लागतो, ‘‘आई, आपण पण पोपट पाळू या ना!’’

हट्टाला निमित्तही भरपूर असते. मदुराईच्या मीनाक्षीच्या हातात पोपट, श्रीविल्लीपुत्तूरच्या आंडाळच्या हातात पोपट. राजवाड्याजवळच्या दुकानांतल्या सोनेरी तंजावूर चित्रांत या देवी असल्या की त्यांच्यासोबत तोही असतोच. आईलाही माहेरच्या ओसरीवरचा पिंजरा आठवतो. ‘विठू विठू’ म्हणणाऱ्या राघूला डाळ आणि हिरवी मिरची भरवण्यात सुट्टी कधी सरायची ते कळत नसे. मग हो म्हणायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती आधीच समजून घेतलेली बरी.

कायदा काय सांगतो?

लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा पोपट हा वन्यपक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे आणि १९९१ पासून देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि दंडाची रक्कम वाढली. आता तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोठ्या पहाडी पोपटालाही हाच नियम. कायदा कागदावरच आहे, असे समजू नका. २०२३ मध्ये चेन्नईतल्या एका प्रसिद्ध विनोदी अभिनेत्याला घरात दोन पहाडी पोपट ठेवल्याबद्दल अडीच लाख रुपये भरावे लागले.

पिंजऱ्यामागची गोष्ट

पोपट झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात घरटे करतो. थंडी सरता सरता पिल्ले होतात. विक्रेत्याकडचे पिल्लू बहुधा अशाच घरट्यातून काढलेले असते. त्याला टोपलीत कोंबून, उपाशीतापाशी बाजारात आणतात. वाटेत कित्येक दगावतात. जे जगते त्याचे पंख छाटतात. थव्यात राहणारा, रोज मैलोन्‌मैल उडणारा हा पक्षी मग हातभर पिंजऱ्यात एकटा पडतो. त्यातले काही कंटाळून स्वतःचीच पिसे उपटू लागतात.

घरात आधीच पोपट असेल तर

दार उघडून त्याला उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला दाणा शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. मांजर किंवा कावळे त्याचा लगेच फडशा पाडतात. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात कळवा आणि पक्षी त्यांच्या स्वाधीन करा. मुलांना सोबत न्या. निरोप देताना त्यांचे डोळे भरून येतील, पण माया म्हणजे काय हे त्यांना त्या दिवशी उमजेल.

परदेशी पक्षी घ्यायचा असेल तर

बजरी, कॉकटेल यांसारखे पिंजऱ्यातच पैदास झालेले परदेशी पक्षी पाळता येतात. आफ्रिकन ग्रे, मकाव यांची मात्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. पावती घ्या आणि घेण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना पुढील गोष्टी विचारा.

आयुष्य : बजरी पाच ते दहा वर्षे जगते, कॉकटेल पंधरा-वीस, तर आफ्रिकन ग्रे चाळीस वर्षांहूनही अधिक. मुले शिकायला परगावी गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार?

आहार : नुसते दाणे पुरत नाहीत. गाजर, पालेभाज्या, फळेही हवीत. दूध-पोळी, मीठ-मसाल्याचे पदार्थ, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो देऊ नका.

जागा : दोन्ही पंख पूर्ण पसरता येतील एवढा पिंजरा, कुरतडायला लाकूड आणि रोज दहा-बारा तास शांत अंधार हवा. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरू शकतो.

आरोग्य : पक्षी दुखणे लपवतो. तो फुगून बसला, खाईनासा झाला तर लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. त्याच्या विष्ठेतून माणसालाही न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. म्हणून पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवा.

वेळ : त्याला रोज सोबत लागते. दिवसभर घराला कुलूप असेल तर पक्षी आणूच नका.

राजांनी काय केले?

याच राजवाड्यातून १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य करणाऱ्या सरफोजी राजांना पशुपक्ष्यांचे मोठे कुतूहल होते. त्यांनी चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची बारकाईने चित्रे काढून घेतली. त्यांतला एक संग्रह त्यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दोनशे वर्षांनंतरही त्या चित्रांतली पाखरे ताजीतवानी दिसतात.

हट्ट धरणाऱ्या मुलाला चित्रकलेची वही आणि रंगपेटी द्या. गच्चीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवा आणि अंगणातले पेरूचे झाड तोडू नका. पोपट येतील, अर्धे पेरू टाकून जातील, आरडाओरडा करतील. संध्याकाळी ते उडून गेले तरी मुलाला सांगा, उद्या पुन्हा येतील.